नवा उद्योग : पहिल्या विक्रीआधीची लिखापढी

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात गृहिणींनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. हाताशी भांडवल होते ते उसने घेतलेल्या ८० रुपयांचे. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या संस्थेची ही जन्मकथा महाराष्ट्राला परिचित आहे. ती सांगताना भर असतो तो त्या ८० रुपयांवर. त्या महिलांनी आरंभीच ठरवून घेतलेल्या गोष्टींविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हे त्यांनी ठरवले. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत असत. छगनलाल पारेख यांच्या सल्ल्यानुसार एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि हिशेब रीतसर लिहिण्याचा परिपाठ पडला. पहिल्याच वर्षी पावसामुळे पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी खाट आणि शेगडी विकत घेण्यात आली. खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी सोय करून ती अडचण दूर झाली. १९६६ मध्ये संस्थेची कायदेशीर नोंदणी झाली.

नव्या उद्योगाच्या तयारीचे सार या क्रमात आहे. कल्पना, उत्साह आणि भांडवल यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु कोणी काय करायचे, नफा कसा वाटायचा, पैसे कधी येणार आणि अडचण आली तर काय, हे आधी ठरवून कागदावर उतरवण्याकडे दुर्लक्ष होते. 'आपण घरचेच आहोत, कागद कशाला?' हा विचार त्यामागे असतो. मात्र भागीदार ज्या विषयावर मौन बाळगतात, त्या विषयावर कायदा मौन बाळगत नाही. करारात जे लिहिलेले नसते ते कायद्यातील सर्वसाधारण तरतुदींप्रमाणे ठरते आणि तो निर्णय अनेकदा कोणालाच अपेक्षित नसतो.

भागीदारांमधील करार

दोन मित्र व्यवसाय सुरू करतात. एकाने आठ लाख रुपये घातले, दुसऱ्याने दोन लाख. पहिला नोकरी सांभाळून संध्याकाळी येतो, दुसरा दिवसभर राबतो. लेखी करार नाही. अशा वेळी भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ काय सांगतो? नफा आणि तोटा दोघांत समसमान. व्यवसायात काम केल्याबद्दल कोणाही भागीदाराला वेतनाचा हक्क नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त रक्कम एखाद्याने पेढीला दिली, तर त्यावर वार्षिक सहा टक्के व्याज. भागीदारीची मुदत ठरलेली नसेल, तर कोणीही लेखी नोटीस देऊन ती विसर्जित करू शकतो आणि करारात वेगळी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूनेही पेढी संपुष्टात येते. आठ लाख घालणारा आणि दिवसभर राबणारा, दोघांनाही आपल्यावर अन्याय झाला असे वाटावे, अशीच ही स्थिती आहे.

म्हणून करारात किमान पुढील बाबी असाव्यात : प्रत्येकाचे भांडवल आणि ते कधी द्यायचे, नफा-तोट्याचे प्रमाण, काम करणाऱ्या भागीदाराचे मासिक वेतन, प्रत्येकाच्या जबाबदारीचे क्षेत्र, किती रकमेपर्यंतचा निर्णय एकट्याने घेता येईल, बँक खात्यावर सह्या कोणाच्या, मतभेद झाल्यास तोडगा कसा काढायचा, आणि एखादा बाहेर पडला, आजारी झाला किंवा मरण पावला, तर त्याच्या हिश्श्याचे मूल्य कोण व कसे ठरवणार. शेवटचा मुद्दा आरंभी अप्रिय वाटतो. पण संबंध चांगले असतानाच तो शांतपणे लिहिता येतो.

कंपनीच्या संस्थापकांनी आणखी एक काळजी घ्यावी. सर्व समभाग पहिल्याच दिवशी पूर्णपणे वाटून टाकले आणि सहा महिन्यांनी एक संस्थापक परदेशी गेला, तरी त्याचा हिस्सा त्याच्याकडेच राहतो. मागे राहिलेले त्याच्यासाठी कष्ट करीत राहतात. हे टाळण्यासाठी समभागांवरील हक्क टप्प्याटप्प्याने, बहुधा चार वर्षांत, पक्का होईल आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काहीही मिळणार नाही, अशी अट संस्थापकांच्या करारात घालण्याची पद्धत रूढ आहे.

संस्थेचे स्वरूप

एकल मालकी हा सर्वात सोपा प्रकार. त्यासाठी वेगळी संस्था स्थापन करावी लागत नाही. पण व्यवसायाचे देणे आणि मालकाचे खासगी देणे यांत भेद राहत नाही. भागीदारी पेढीतही दायित्व अमर्याद असते आणि एका भागीदाराने पेढीच्या नावे केलेल्या व्यवहाराची जबाबदारी सर्वांवर येते. पेढीची नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी नसलेली पेढी करारातून उद्भवणाऱ्या हक्कासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावू शकत नाही. उलट बाहेरची व्यक्ती पेढीवर दावा लावू शकते. थकबाकी वसूल करण्याची वेळ येते, तेव्हा या एका न केलेल्या नोंदणीची किंमत कळते.

मर्यादित दायित्व भागीदारी अर्थात 'एलएलपी' हा प्रकार २००८ च्या कायद्याने उपलब्ध झाला. त्यात भागीदारांचे दायित्व सामान्यतः त्यांच्या अंशदानापुरते मर्यादित असते. वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा अथवा अंशदान २५ लाख रुपयांपेक्षा जास्त असल्यास लेखापरीक्षण सक्तीचे होते. स्थापनेनंतर ३० दिवसांत भागीदारांचा करार दाखल करावा लागतो. करारात एखादी बाब सुटली, तर येथेही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील समसमान वाटणीचा नियम लागू होतो.

खासगी मर्यादित कंपनीसाठी कंपनी अधिनियम, २०१३ नुसार किमान दोन सभासद व दोन संचालक लागतात. सभासदांची कमाल संख्या २०० आहे. एकट्याला कंपनी काढायची असेल, तर याच कायद्याने आणलेला 'एक व्यक्ती कंपनी' हा पर्याय आहे. किमान एक लाख रुपये भरणा भांडवलाची अट २०१५ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. बाहेरचे गुंतवणूकदार समभागांच्या बदल्यात पैसे घालणार असतील, तर बहुधा कंपनीचाच आग्रह धरला जातो. मात्र कंपनीला उलाढाल असो वा नसो, लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रे चुकत नाहीत. स्थापनेपासून ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक आणि पहिल्या लेखापरीक्षकाची नियुक्ती, तर १८० दिवसांत भागधारकांनी भांडवल भरल्याचे घोषणापत्र आवश्यक असते. त्या घोषणापत्राशिवाय भागभांडवल असलेल्या कंपनीला व्यवसाय सुरू करता येत नाही की कर्जही घेता येत नाही.

कंपनीची नियमावली अनेकदा कायद्यातील नमुना जसाच्या तसा स्वीकारून तयार होते. त्या नमुन्यात समसमान मते पडल्यास अध्यक्षाला निर्णायक मत दिलेले आहे. निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या कंपनीत एकाला सहज म्हणून अध्यक्ष केले, तर बरोबरीची भागीदारी प्रत्यक्षात बरोबरीची राहत नाही. नमुना स्वीकारण्यापूर्वी तो वाचलेला बरा.

नाव आणि बौद्धिक संपदा

कंपनीच्या नावाला मंजुरी मिळाली म्हणजे ते नाव बाजारात वापरण्याचा निर्विवाद हक्क मिळाला, हा गैरसमज सार्वत्रिक आहे. कंपनी नोंदणी आणि बोधचिन्हाची नोंदणी या स्वतंत्र बाबी आहेत. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार वस्तू व सेवांचे ४५ वर्ग आहेत; आपल्या वर्गात तेच किंवा फसगत व्हावी इतके सारखे नाव आधी नोंदवलेले नाही ना, हे फलक रंगवण्याआधी तपासावे. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क २०१७ च्या नियमांनी प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये ठेवले. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. तरीही जो हे नाव प्रामाणिकपणे आधीपासून वापरत आहे, त्याच्या हक्काला कायदा संरक्षण देतो. म्हणून केवळ नोंदवही न पाहता बाजारही पाहावा.

संगणक प्रणाली किंवा मजकूर बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेताना आणखी एक खाचखळगा आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क सामान्यतः मालकाचा असतो. परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने मोबदला घेऊन लिहिलेल्या प्रणालीचा हक्क, लेखी हस्तांतर नसेल, तर त्याच्याकडेच राहतो. हस्तांतर केले पण मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांची धरली जाते. क्षेत्र लिहिले नाही, तर ते भारतापुरते मानले जाते. ज्या प्रणालीवर सारा व्यवसाय उभा आहे, ती आपली नाही, हा शोध गुंतवणूकदाराच्या वकिलाने लावण्याची वेळ येऊ नये. पेटंट घेण्याजोगा शोध असेल, तर अर्ज दाखल करण्यापूर्वी तो प्रदर्शनात किंवा लेखात उघड करू नये.

रोख रकमेचा आराखडा

कागदावर नफा दिसत असतानाही व्यवसाय बंद पडतो तो रोख रकमेअभावी. एक साधे उदाहरण घेऊ. पुण्यातील एक लहान खाद्यपदार्थ उद्योग दरमहा अडीच लाख रुपयांचा माल दुकानांना विकतो. कच्चा माल आणि वेष्टन यांचा खर्च विक्रीच्या निम्मा, म्हणजे सव्वा लाख. भाडे २५ हजार, मजुरी ६० हजार, वीज व वाहतूक १५ हजार, असा स्थिर खर्च एक लाख. म्हणजे दरमहा २५ हजार रुपये नफा. विक्री दोन लाखांवर आली, तर ना नफा ना तोटा.

आता उधारी धरू. महिनाअखेरीस बिल दिले जाते आणि दुकानदार ६० दिवसांनी पैसे देतात. पहिल्या महिन्याचे अडीच लाख तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस हाती येतील. तोवर तीन महिन्यांचे प्रत्येकी सव्वादोन लाख, म्हणजे पावणेसात लाख रुपये खर्च झालेले असतील. हिशेबात ७५ हजारांचा नफा आणि खिशातून पावणेसात लाख गेलेले, अशी ही अवस्था. यंत्रे, अनामत रक्कम आणि फर्निचर यांचा खर्च याहून वेगळा. विक्री वाढली, तर ही गरज कमी होत नाही; उलट वाढते. वस्तू व सेवा कर लागू असेल, तर ग्राहकाकडून पैसे आले नसले तरी बिलाप्रमाणे तो वेळेवर भरावा लागतो.

याच उदाहरणात मालकाने घरखर्चासाठी दरमहा ३० हजार रुपये घेतले, तर २५ हजारांच्या नफ्याचा पाच हजारांचा तोटा होतो. स्वतःचे श्रम फुकट धरून काढलेला नफा हा नफा नव्हे. म्हणून आराखड्यात संस्थापकाचा घरखर्च, गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी आणि आरोग्य विम्याचा हप्ता यांचा समावेश असावा. पहिले वर्षभर महिनावार 'आलेले' आणि 'गेलेले' असे दोन रकाने मांडावेत. विक्री अपेक्षेच्या निम्मी झाली आणि पैसे एक महिना उशिरा आले, तर काय होईल, हेही मांडून पाहावे. घरातील किती रक्कम या व्यवसायात घालायची आणि कोणत्या आकड्याला थांबायचे, हा निर्णय कुटुंबासमवेत घेऊन लिहून ठेवावा. नुकसान होऊ लागल्यावर 'आणखी दोन महिने पाहू' असे म्हणत राहते घर गहाण पडते ते हा आकडा आधी ठरलेला नसल्यामुळे.

उधारीबाबत एक कायदेशीर आधार उपलब्ध आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने, लेखी मुदत ठरलेली नसल्यास १५ दिवसांत आणि ठरलेली असली तरी कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. म्हणजे वरील उदाहरणातील ६० दिवसांची उधारी मुळात कायद्यात बसणारी नाही. या संरक्षणासाठी 'उद्यम' नोंदणी सुरुवातीलाच करावी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आणि निःशुल्क आहे.

भांडवल कोठून आणावे?

पहिले भांडवल बहुधा बचतीतून आणि आप्तेष्टांकडून येते. ते कर्ज आहे, भागीदारी आहे की भेट, हे चिठ्ठीवर का होईना, पण लिहून घ्यावे. २० हजार रुपये वा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. खासगी कंपनीला संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडून, ती रक्कम त्यांनी स्वतः कर्जाऊ घेतलेली नसल्याच्या घोषणेसह, कर्ज घेता येते. परंतु मित्रांकडून घेतलेले कर्ज ठेव ठरून नियमभंग होऊ शकतो.

बँकेकडे जाताना प्रकल्प अहवाल, यंत्रांची दरपत्रके आणि वर सांगितलेला महिनावार आराखडा सोबत असावा. 'मुद्रा' योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिची कमाल मर्यादा २०२४ मध्ये, आधीचे कर्ज फेडलेल्या उद्योजकांसाठी, २० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. तारणाशिवाय दिलेल्या कर्जासाठी २००० साली स्थापन झालेला पतहमी न्यास बँकांना हमी देतो. १ एप्रिल २०२५ पासून या हमीची मर्यादा दहा कोटी रुपये करण्यात आली. ही हमी बँकेला असते. कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी तिच्यामुळे संपत नाही. राज्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते.

१६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या 'स्टार्टअप इंडिया' उपक्रमात कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी पेढीला मान्यता मिळू शकते. एकल मालकी चालत नाही. उत्पादन, सेवा किंवा कार्यपद्धतीत नावीन्य आणि विस्ताराची क्षमता अपेक्षित असते. प्रत्येक नवा व्यवसाय या व्याख्येत बसत नाही आणि बसलाच पाहिजे असेही नाही. तंत्रज्ञानाधारित उद्योगांना मुंबईत भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे 'साइन', तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातील 'व्हेंचर सेंटर' अशा केंद्रांत प्रयोगशाळा व मार्गदर्शन मिळू शकते. छत्रपती संभाजीनगर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून प्रशिक्षण देत आहे.

जागा आणि नोंदण्या

भाड्याच्या जागेचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार बंधनकारक आहे. करारात मुदत, भाडेवाढ, अनामत परत मिळण्याची अट आणि जागेचा व्यावसायिक वापर यांचा स्पष्ट उल्लेख असावा. घरातून काम सुरू करायचे असल्यास गृहनिर्माण संस्थेचे उपविधी आधी पाहावेत.

वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यांना ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर लागते. वस्तू परराज्यात विकायच्या असतील, तर साधारणपणे सुरुवातीपासूनच. राज्याचा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्यानुसार आकारला जातो. दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या राज्य कायद्यात दहापेक्षा कमी कामगारांसाठी केवळ सूचना पुरेशी ठरवण्यात आली. ही रेषा २० कामगारांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. साधारणतः दहा कर्मचारी झाले की राज्य कामगार विमा आणि वीस झाले की भविष्य निर्वाह निधी यांचा विचार करावा लागतो. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना उलाढाल लहान असली तरी लागतो. या मर्यादा बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी सनदी लेखापालाकडून त्यांची खातरजमा करावी.

मुहूर्ताआधीचे तीन महिने

मराठी घरांत नवा व्यवसाय बहुधा पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा पाहून सुरू होतो. ती तारीख ठरली की तेथून मागे तीन महिने मोजावेत. पहिल्या महिन्यात किमान वीस संभाव्य ग्राहकांशी बोलून ते आज काय वापरतात आणि त्याला किती पैसे देतात, हे टिपावे. भागीदारांचा करार आणि संस्थेचे स्वरूप निश्चित करावे. दुसऱ्या महिन्यात नावाची तपासणी, संस्थेची नोंदणी, स्वतंत्र बँक खाते आणि जागेचा करार. तिसऱ्या महिन्यात परवाने, पुरवठादारांचे दर, बिलाचा नमुना आणि थोड्या मालाची चाचणी विक्री. चाचणीत ग्राहक दुसऱ्यांदा माल मागतो का, हे पाहावे; ओळखीखातर झालेली पहिली खरेदी फारसे काही सांगत नाही.

सर्व कागद एका फाइलमध्ये आणि त्यांची एक प्रत भागीदारांच्या घरीही असावी. संस्थापक आठवडाभर रुग्णालयात असला, तर ती फाइल उघडून दुसऱ्या कोणाला पगार, कर आणि पुरवठादारांची देणी वेळेवर देता आली पाहिजेत. व्यापारी घरांत दिवाळीला वहीपूजन होते. त्या वहीचे पहिले पान मुहूर्तापूर्वीच लिहिले जावे आणि त्यावर प्रत्येकाचे भांडवल, प्रत्येकाचा हिस्सा व थांबण्याचा आकडा सर्वांच्या सह्यांसह असावा.